बीपीच्या गोळीचा त्रास आणि मुंबईचे डॉ. रुस्तम वकील

निमगाव केतकीतल्या माझ्या दवाखान्यात काही वर्षांपूर्वी एक आजोबा बीपी तपासायला यायचे. घरचा पानमळा, वय पासष्टच्या आसपास. त्यांना मी ॲम्लोडिपिन सुरू केली होती. दोन महिन्यांत बीपी आटोक्यात आलं आणि त्यानंतर ते यायचेच बंद झाले. बरं वाटत असेल, असं मी धरून चाललो. तीन-चार महिन्यांनी घरच्यांनी त्यांना गाडीत घालून आणलं, तेव्हा तोंड एका बाजूला वाकडं झालं होतं आणि उजवा हात उचलत नव्हता. लगेच पुढे मोठ्या रुग्णालयात पाठवलं. जीव वाचला, पण त्या हातानं पुन्हा पानं खुडणं झालं नाही.

नंतर सुनेकडून कळलं. गोळी सुरू झाल्यापासून आजोबांचे पाय संध्याकाळी घोट्यापाशी सुजायचे, चप्पल घट्ट व्हायची. कुणीतरी सांगितलं की या गोळीनं किडनी खराब होते. आजोबांनी गोळी बंद केली, सूज उतरली आणि त्यांची खात्रीच पटली. त्यांनी मला विचारलं नाही हे खरं. पण या गोळीनं पाय सुजू शकतात, सूज आली तर या, आपण गोळी बदलू, एवढं वाक्य मीही त्यांना सांगितलं नव्हतं. ती चूक माझी. तेव्हापासून बीपीची नवी गोळी लिहून देताना मी तिचा त्रासही सांगतो. कुणाला वेळ असेल तर डॉ. रुस्तम वकील यांची गोष्टही सांगतो. आज ती तुम्हाला सांगतो, कारण बीपीच्या गोळीचा गुण आणि त्रास या दोन्ही गोष्टी जगानं प्रथम मोठ्या प्रमाणावर पाहिल्या त्या ज्या औषधात, ते औषध जगापुढे आणणारा माणूस आपल्या मुंबईचा होता.

गोळी नव्हती तेव्हा

आधी थोडं मागे जाऊ. १९४० च्या दशकात बीपीवर रोज घेता येईल अशी भरवशाची गोळी जवळजवळ नव्हतीच. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांचंच उदाहरण घ्या. १९४४ मध्ये डॉक्टरांना त्यांचं बीपी फार वाढलेलं आणि हृदय थकलेलं आढळलं. जगातल्या सर्वांत ताकदवान माणसाला तेव्हा काय देता आलं? मीठ कमी, विश्रांती, हृदयासाठी डिजिटॅलिस आणि झोप लागावी म्हणून सौम्य औषध. १२ एप्रिल १९४५ रोजी मेंदूत रक्तस्राव होऊन ते गेले. त्या दिवशी त्यांचं बीपी ३००/१९० पर्यंत चढलं होतं.

इतर उपायही होते, पण ते ऐकूनच अंगावर काटा येईल. थायोसायनेट नावाचं औषध दिलं जाई. त्याची मात्रा जरा जास्त झाली की विषबाधा. पाठीच्या कण्याजवळच्या नसा कापण्याची मोठी शस्त्रक्रिया केली जाई. नुसता भात आणि फळं असा बेचव आहार महिनोन् महिने खायला लावला जाई. आज आपण गोळीनं जरा गरगरतं म्हणून वैतागतो. तो वैताग खरा आहे, पण हा काळ लक्षात ठेवा.

परळमधला तरुण डॉक्टर

रुस्तम जाल वकील यांचा जन्म १९११ चा, मुंबईतल्या पारशी कुटुंबातला. वैद्यकीय शिक्षण त्यांनी लंडनमध्ये घेतलं. तिथे उच्च पदव्या मिळवून १९३० च्या दशकाच्या अखेरीस ते मुंबईला परतले आणि हृदयरोगाकडे वळले. त्या काळी आपल्याकडे हृदयरोगाचे तज्ज्ञ बोटांवर मोजण्याइतके होते.

परळचं केईएम रुग्णालय १९२६ मध्ये सुरू झालेलं. ते पालिकेचं, गिरणगावच्या कुशीतलं. बाह्यरुग्ण विभागात कामगार, त्यांच्या घरचे आणि मुंबईबाहेरून आलेले गरीब रुग्ण यांची गर्दी असे. डॉ. वकील यांनी इथे काम केलं. डोकं सतत दुखतं, दम लागतो, छातीत धडधडतं अशा तक्रारी घेऊन येणाऱ्यांमध्ये अनेकांचं बीपी वाढलेलं सापडे. निदान होई, पण पुढे द्यायचं काय, हा प्रश्न लंडनमध्ये होता तसाच परळमध्येही होता.

आमच्या पिढीच्या डॉक्टरांना वकील हे नाव माहीत आहे ते एका पाठ्यपुस्तकामुळे. डॉ. अस्पी गोलवाला यांच्याबरोबर त्यांनी रुग्ण कसा तपासावा यावर पुस्तक लिहिलं. रुग्णाची लक्षणं आणि अंगावर दिसणाऱ्या खुणा, हा त्याचा विषय. भारतातल्या कितीतरी एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांनी ते वापरलं, मीही वापरलं. रुग्ण तपासायला शिकताना पहिला धडा असतो तो रुग्णाचं नीट ऐकून घेण्याचा. मशीन नंतर, तक्रार आधी. हा धडा पुढे उपयोगी पडणार आहे.

सर्पगंधेचं मूळ

सर्पगंधा हे आपल्याकडचं जुनं झुडूप. साप चावल्यावर, झोप येत नसेल तर आणि वेड लागलेल्या माणसाला शांत करण्यासाठी तिचं मूळ शतकानुशतकं दिलं जाई. शास्त्रीय भाषेत तिला राउवोल्फिया म्हणतात. हे नाव सोळाव्या शतकातल्या राउवोल्फ नावाच्या जर्मन वैद्याच्या स्मरणार्थ दिलेलं आहे.

१९३१ मध्ये कलकत्त्याचे डॉ. गणनाथ सेन आणि डॉ. कार्तिकचंद्र बोस यांनी या मुळाचा उपयोग वेड आणि उच्च रक्तदाब या दोन्हींवर होतो असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दीकी आणि रफत सिद्दीकी यांनी मुळातून काही रासायनिक घटक वेगळे काढले. त्यांतल्या एकाला हकीम अजमल खान यांच्या सन्मानार्थ अजमलीन हे नाव मिळालं. पुढच्या काही वर्षांत मुळाच्या गोळ्या भारतात विकल्या जाऊ लागल्या आणि अनेक डॉक्टर त्या बीपीसाठी देऊ लागले.

म्हणजे औषध डॉ. वकील यांनी शोधलं नाही. मग त्यांचं मोठेपण कशात?

मोजलं, लिहिलं आणि जगाला दाखवलं

गुण येतो असं सगळे म्हणत होते. पण किती रुग्णांना येतो, किती दिवसांनी येतो, दाब किती उतरतो, याची नीट मांडलेली नोंद जगासमोर नव्हती. डॉ. वकील यांनी उच्च रक्तदाबाच्या ५० रुग्णांना सर्पगंधेच्या गोळ्या देऊन त्यांचं बीपी पुन्हा पुन्हा मोजलं. चार आठवड्यांच्या उपचारानंतर बहुसंख्य रुग्णांचा दाब उतरलेला दिसला. हा अभ्यास १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नल या हृदयरोगावरच्या प्रतिष्ठित नियतकालिकात छापून आला.

लेख फार मोठा नाही. पण त्यामुळे पाश्चात्त्य डॉक्टरांचं लक्ष या मुळाकडे गेलं. बॉस्टनमध्ये डॉ. रॉबर्ट विल्किन्स यांनी आपल्या रुग्णांवर त्याचा उपयोग सुरू केला. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या शास्त्रज्ञांनी मुळातला मुख्य प्रभावी घटक वेगळा काढला. तो रेसर्पिन. आता मुळाची पूड नको, ठरलेल्या वजनाची पांढरी गोळी मिळू लागली. थोड्याच वर्षांत ती जगभर पोचली.

१९५७ मध्ये डॉ. वकील यांना अमेरिकेतला लास्कर पुरस्कार मिळाला. वैद्यकातल्या सर्वांत मोठ्या सन्मानांपैकी तो एक. १९५८ मध्ये भारत सरकारनं त्यांना पद्मभूषण दिलं.

इथे तुमच्यासाठी दोन गोष्टी आहेत. पहिली, बीपीची गोळी डोकेदुखीच्या गोळीसारखी अर्ध्या तासात पारखता येत नाही. आजच्या बऱ्याच गोळ्यांचाही पूर्ण गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात. चार दिवस घेऊन फरक नाही म्हणून सोडू नका. दुसरी, बीपी वाटण्यावर ठरत नाही, मोजण्यावर ठरतं. आजोबांना गोळी बंद केल्यावर बरंच वाटत होतं. पाय उतरले होते, बीपी मात्र चढत होतं आणि ते जाणवत नव्हतं.

गुण आला, मागोमाग तक्रारी आल्या

लाखो लोक रेसर्पिन घेऊ लागले, तशा तक्रारी पुढे आल्या. नाक चोंदतं. दिवसभर झापड येते. रात्री वाईट स्वप्नं पडतात. नाडी मंद चालते. जुलाब होतात, पोटात ॲसिड वाढतं. आणि सगळ्यांत गंभीर तक्रार म्हणजे मन खचतं. १९५४ मध्ये अमेरिकेतले डॉ. एडवर्ड फ्राइस यांनी जास्त मात्रेत बरेच महिने रेसर्पिन घेणाऱ्या काही रुग्णांमध्ये नैराश्य दिसल्याचं प्रसिद्ध केलं. माणूस गप्प होतो, कशात रस उरत नाही, रडू येतं, आणि घरच्यांना वाटतं की वय झालं. गोळीकडे कुणाचं लक्षच जात नाही.

असं का व्हावं? आपल्या नसांच्या टोकाशी नॉरॲड्रेनलिनसारख्या रसायनांच्या बारीक पिशव्या भरलेल्या असतात. हे रसायन सुटलं की रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं. रेसर्पिन या पिशव्या हळूहळू रिकाम्या करतं. रक्तवाहिन्या सैल पडतात, बीपी उतरतं. पण अशा पिशव्या नाकातल्या रक्तवाहिन्यांशीही आहेत, म्हणून नाक चोंदतं. हृदयाशी आहेत, म्हणून नाडी मंदावते. मेंदूतही आहेत, म्हणून झोप येते आणि काहींचं मन उदास होतं.

हे नीट समजून घ्या, कारण आजच्या बहुतेक गोळ्यांनाही हेच लागू आहे. गुण आणि त्रास या बहुतेक वेळा दोन वेगळ्या गोष्टी नसतात. गोळी एकच काम करते. ते हव्या त्या जागी झालं तर गुण, नको त्या जागी झालं तर त्रास. त्यामुळे त्रास झाला म्हणजे गोळी खोटी किंवा विषारी, असं नसतं. आणि त्रास होतोय म्हणजे तुम्ही नाजूक आहात, असंही नसतं.

आणखी एक. सर्पगंधा शंभर टक्के झाडपाल्याची. तरीही तिच्या मुळातल्या घटकानं माणसं उदास झाली. झाडपाल्याचं आहे, साइड इफेक्ट नाही, असं कुणी सांगितलं तर ही गोष्ट आठवा. ज्याला गुण आहे त्याला त्रासही असू शकतो, मग ते मुळातून येवो की कारखान्यातून. बीपीची गोळी चालू असताना सर्पगंधेची पूड किंवा कुठलंही चूर्ण स्वतःच्या मनानं घेऊ नका. दोन्हींचा परिणाम एकत्र होऊन बीपी आणि नाडी फार खाली जाऊ शकतात.

मात्रा कमी, जोडीला दुसरी गोळी

मग डॉक्टरांनी काय केलं? औषध फेकून दिलं का? नाही. तक्रारी ऐकल्या आणि मात्रा पाहिली. सुरुवातीच्या वर्षांत अनेकांना दिवसाला अर्धा ते एक मिलिग्रॅम, कधी त्याहूनही जास्त रेसर्पिन दिलं जाई. पुढे कळलं की पाव मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी मात्राही पुरते, विशेषतः जोडीला लघवीवाटे मीठ बाहेर टाकणारी गोळी असेल तर. ज्याला आधीच नैराश्याचा त्रास होता त्याला हे औषध द्यायचं नाही, हेही ठरलं. डॉ. वकील यांनीही आपलं काम १९४९ वर थांबवलं नाही. १९५५ मध्ये सर्क्युलेशन या अमेरिकी नियतकालिकात त्यांनी तोवर झालेल्या अभ्यासांचा आढावा घेणारा लेख लिहिला.

आणि नैराश्याचा इशारा देणारे तेच डॉ. फ्राइस पुढे काय करतात पाहा. त्यांच्या नेतृत्वाखाली अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एक मोठा अभ्यास झाला. खालचं बीपी ११५ ते १२९ असलेल्या १४३ पुरुषांपैकी साधारण निम्म्यांना औषध दिलं, उरलेल्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. औषध म्हणजे तीन गोळ्यांची जोडी, आणि त्यांतलं एक कमी मात्रेतलं रेसर्पिन. १९६७ मध्ये निकाल छापला गेला. बिनऔषधाच्या गटात २७ जणांना पक्षाघात, हृदय थकणं यांसारखी गंभीर दुखणी झाली. औषधाच्या गटात फक्त २ जणांना. बीपी उतरवल्यानं माणसं वाचतात, हे यानंतर कुणाला नाकारता आलं नाही.

ज्या डॉक्टरनं त्रास दाखवून दिला त्यानंच त्याच औषधाचा कमी मात्रेत उपयोग करून माणसं वाचवली. त्रास सांगितला गेला म्हणून मात्रा सुधारली. त्रास झालेल्यांनी गुपचूप गोळ्या टाकून दिल्या असत्या, तर ना इशारा मिळाला असता, ना ही जोडी.

शेवटची वर्षं

डॉ. वकील पुढेही रुग्ण तपासत, शिकवत आणि लिहीत राहिले. भारतीय डॉक्टरांसाठी भारतातल्याच तज्ज्ञांनी लिहिलेलं वैद्यकाचं मोठं पाठ्यपुस्तक असावं म्हणून असोसिएशन ऑफ फिजिशियन्सनं जे पुस्तक काढलं, त्याच्या १९६९ च्या पहिल्या आवृत्तीचे ते संपादक होते. वैद्यकाच्या इतिहासावरही त्यांनी पुस्तकं लिहिली.

१९७४ च्या सप्टेंबरमध्ये लॅन्सेट या नियतकालिकात रेसर्पिनमुळे स्तनाचा कर्करोग वाढत असावा, असे अभ्यास आले. मोठी खळबळ उडाली आणि अनेकांनी औषध सोडलं. पुढच्या वर्षांतल्या अभ्यासांत तसा ठोस संबंध दिसला नाही, पण औषधाचं नाव खराब व्हायचं ते झालंच. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये डॉ. वकील वारले. वय ६३.

तोवर नव्या गोळ्या येऊ लागल्या होत्या आणि रेसर्पिन मागे पडत गेलं. आज मी ते सहसा लिहीत नाही. पण आज माझ्या टेबलावर पाच-सहा प्रकारच्या गोळ्या आहेत, एक सोसली नाही तर दुसरी देता येते. हे शक्य झालं ते त्या पहिल्या गोळ्यांच्या तक्रारी कुणीतरी ऐकून लिहून ठेवल्या म्हणून.

आजच्या गोळ्या आणि त्यांचा त्रास

आता तुमच्या गोळ्यांकडे येऊ. पाकिटावरचं कंपनीचं नाव सोडा, त्याखाली बारीक अक्षरात लिहिलेलं औषधाचं मूळ नाव पाहा.

ॲम्लोडिपिन: रक्तवाहिन्या सैल करते. पायातल्या बारीक वाहिन्याही सैल पडल्यानं पाणी झिरपतं आणि घोट्यापाशी सूज येते. ही सूज किडनी खराब झाल्याची खूण नाही. मात्रा कमी केली, गोळी बदलली किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखी गोळी दिली की बहुतेकांची सूज कमी होते. मात्र सुजेबरोबर दम लागत असेल, चेहराही सुजत असेल किंवा एकाच पायाला सूज असेल, तर कारण वेगळं असू शकतं. लगेच दाखवा.

एनालाप्रिल, रामिप्रिल: ही गोळी बीपी वाढवणाऱ्या साखळीतला एक दुवा अडवते. तोच दुवा ब्रॅडिकायनिन नावाचं रसायनही मोडत असतो. ते साठलं की घशात खवखव आणि कोरडा खोकला, रात्री जास्त. खोकल्याची औषधं पिऊन तो जात नाही. गोळी बदलली की काही आठवड्यांत थांबतो.

टेल्मिसार्टन, लोसार्टन: यांनी खोकला सहसा होत नाही. पण या आणि वरच्या, दोन्ही प्रकारच्या गोळ्या सुरू केल्यावर क्रिएटिनिन आणि पोटॅशियमची तपासणी सांगितली असेल तर ती टाळू नका. बाजारात मिळणारं कमी सोडियमचं मीठही विचारल्याशिवाय वापरू नका, त्यात पोटॅशियम असतं. गरोदरपणात या गोळ्या चालत नाहीत. दिवस राहिल्याची शंका असेल तरी लगेच डॉक्टरांना सांगा, ते दुसरी गोळी देतील.

हायड्रोक्लोरोथायझाइड, क्लोर्थॅलिडोन, इंडापामाइड: लघवीवाटे मीठ आणि पाणी बाहेर टाकतात. सकाळी घ्या, म्हणजे रात्री उठावं लागणार नाही. पायात गोळे येणं, अशक्तपणा, म्हाताऱ्या माणसाचं अचानक गोंधळल्यासारखं बोलणं ही सोडियम-पोटॅशियम घटल्याची चिन्हं असू शकतात. रक्त तपासून घ्या.

ॲटेनोलॉल, मेटोप्रोलॉल: नाडी मंद करतात. थकवा येतो, हातपाय गार पडतात. दमा असेल तर आधीच सांगा. या गोळ्या आणि क्लोनिडिन एकदम बंद करणं धोक्याचं आहे. बीपी उसळी मारतं, छातीत दुखणं वाढू शकतं. थांबवायच्या तर डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणे हळूहळू.

चक्कर: कुठल्याही बीपीच्या गोळीनं उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. झोपेतून उठताना आधी बाजेवर बसा, पाय हलवा, मग उभे राहा. आम्हाला सांगा, म्हणजे बसून आणि उभं राहून दोन्ही वेळा बीपी मोजता येईल. उभं राहिल्यावर वरचं बीपी २० किंवा जास्त उतरत असेल तर गोळी बदलावी लागते.

पुरुषांनी आणखी एक गोष्ट लाज न बाळगता सांगावी. संबंधाच्या वेळी अडचण येत असेल तर ती काही गोळ्यांमुळे असू शकते, खुद्द बीपीमुळे किंवा साखरेमुळेही असू शकते. न सांगता गोळी बंद करणारे मी खूप पाहिले आहेत. सांगितलं तर बहुतेक वेळा मार्ग निघतो.

त्रास झाला तर काय करायचं

पहिलं, गोळी स्वतःहून बंद करू नका. त्या दिवशीच किंवा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना फोन करा किंवा भेटा.

दुसरं, वहीत लिहा. गोळी कधी सुरू झाली, त्रास कधी सुरू झाला, दिवसाच्या कोणत्या वेळी होतो, घरी बीपी किती आलं. डॉ. वकील यांनी ५० रुग्णांचं जे केलं, ते तुम्ही एका रुग्णाचं करा. गोळी सुरू होण्याआधीपासून असलेला त्रास गोळीच्या माथी मारला जातो, तोही या वहीतून लक्षात येतो.

तिसरं, बाकी काय घेता ते सगळं सांगा. कंबर, गुडघे दुखतात म्हणून मेडिकलमधून आणलेली डायक्लोफिनॅक किंवा आयब्युप्रोफेनसारखी गोळी बीपी वाढवते, आणि बीपीच्या काही गोळ्यांबरोबर किडनीवर ताण आणते. चूर्ण, काढा, मिश्री, तंबाखू, दारू, काहीच लपवू नका.

चौथं, जुलाब, उलट्या किंवा तापानं अंगातलं पाणी कमी झालं असेल तर त्याच दिवशी विचारा. लघवीची गोळी आणि टेल्मिसार्टनसारखी गोळी तेवढ्या दिवसांपुरती थांबवावी लागू शकते. तुकोबांची पालखी निमगाव केतकीत येते तेव्हा वारीतले असे कितीतरी लोक तपासावे लागतात. दिवसभर चाल, घाम, पोट बिघडलेलं आणि गोळ्या रोजच्याच. त्यांना गरगरतं ते यामुळे. उलट काही जण वारीत लघवीला कुठे जायचं म्हणून सगळ्याच गोळ्या घरी ठेवून येतात, तेही चूक. निघण्याआधी डॉक्टरांशी बोला, वेळ आणि मात्रा बसवून घेता येते.

पाचवं, मीठ कमी करा. दिवसाला सगळं मिळून एक लहान चमचा, म्हणजे ५ ग्रॅमच्या आत. लोणचं, पापड, ठेचा, फरसाण यांतलं मीठही त्यातच धरायचं. मीठ, वजन आणि तंबाखू सुटली तर काहींना कमी मात्रेत भागतं, आणि मात्रा कमी म्हणजे त्रासही कमी.

थांबायचं नाही अशी लक्षणं: ओठ, जीभ किंवा चेहरा अचानक सुजणं, श्वास अडकणं, शुद्ध हरपणं, छातीत दुखणं, तोंड वाकडं होणं, हातपाय लुळे पडणं, बोलणं अडखळणं. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनानं मोठं रुग्णालय गाठा. गोळी सुरू केल्यावर मन सतत उदास राहत असेल, जगणं नको वाटत असेल, तर तेही तातडीनं सांगा.

आणि घरच्यांसाठी एक विनंती. आजोबा गप्प झाले, आजीनं चप्पल बदलली, बाबा जिना चढताना थांबतात, या गोष्टी तुम्हालाच आधी दिसतात. तपासणीला त्यांच्याबरोबर या आणि बोला. माझे ते आजोबा आता डाव्या हातानं काठी धरून येतात, गोळी रोज घेतात. त्यांना दुसरी गोळी दिली, पाय सुजत नाहीत. ही अदलाबदल आधीच करता आली असती. त्यासाठी फक्त त्यांनी येऊन सुजलेले पाय दाखवायचे होते आणि मी ते दाखवायला आधी सांगून ठेवायचं होतं.

पुढच्या वेळी दवाखान्यात याल तेव्हा गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून आणा. आणि डॉक्टरांनी विचारलं नाही तरी, गोळीनं काय होतं ते स्वतःहून सांगा.